उजेडात लपणारे

धाकटी बहीण सिंधुदुर्गातल्या आंबोलीला दिली आणि मी सोलापूरजवळच्या नान्नजच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून आत असलेल्या वस्तीवर. एका आईच्या दोन लेकी. पण एकीच्या अंगणात वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि दुसरीच्या अंगणात साडेपाचशे झाला तर वर्ष बरं गेलं म्हणायचं. आषाढ लागला की तिच्याकडून व्हिडिओंचा रतीब सुरू होतो. न्हाणीघराच्या गजाला चिकटलेला हिरवागार उडता बेडूक. कुंपणाच्या झुडपात वेटोळं करून बसलेला चापडा साप, तोही हिरवा, इतका की तिनं बोट दाखवूनसुद्धा मला तो दुसऱ्या खेपेला दिसला. डबक्यावर झुकलेल्या फांदीच्या पानांत गुंडाळलेला फेसाचा गोळा आणि त्यातून टपटप पाण्यात पडणारी बेडकाची पिल्लं. एकदा लाइट गेलेली असताना तिनं कुजक्या ओंडक्यावरची चमकणारी बुरशीही दाखवायचा प्रयत्न केला. मोबाइलमध्ये धड काही आलं नाही. काळ्या पडद्यावर हिरवट डाग आणि मागून तिचं "बघ ना, बघ ना" एवढंच.

मी उत्तरादाखल आमच्या माळाचा फोटो पाठवते. खाली पिवळं गवत, वर पांढुरकं आभाळ, मध्ये काही नाही. सोबत लिहिते, "यात हरणं आहेत. शोध." तासाभरानं तिचं उत्तर येतं, "ताई, माती दिसतीय फक्त."

तिच्या घरी मी पावसाळ्यातच जाते. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, पुढं आजरा. या वाटेनं जाताना खिडकीबाहेरचा रंग तासातासाला बदलत जातो आणि आजऱ्याच्या पुढं काच खाली घ्यायची सोय राहत नाही. आंबोलीत जनावर बघायला घर सोडावं लागत नाही, हे मला फार सुखाचं वाटतं. ओटीवर चहाचा कप घेऊन बसायचं. आधी ऐकू येतं, मग दिसतं. कानाला लागलेला 'टक् टक्' आवाज शोधायला गेलं तर नखाएवढा बेडूक निघतो, आणि तो एवढ्या मोठ्यानं ओरडतोय यावर विश्वास बसत नाही. सगळं हाताच्या अंतरावर. पायाला जळू लागते तीसुद्धा न विचारता. बहिणीचे सासरे एकदा मला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, घेऊन गेले. कातळावरच्या उथळ डबक्यात पिवळे, पट्टेदार भेक जमले होते. ही जात मुख्यतः आंबोलीच्याच परिसरात सापडते आणि शास्त्रात तिची नोंद झाली ती २००९ मध्ये. तिथल्या हिरण्यकेशीच्या देवळातल्या पाण्यात राहणारा एक चिमुकला मासा तर २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तिकडं अजून नवं सापडतंय. आमच्याकडं जुनं होतं ते मोजायची वेळ आलीय.

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, शेंगाची चटणी आठवते, कडक भाकरी आणि ऊन आठवतं. वस्तीवर आलेला पाहुणा अंगणात उभा राहून चहूकडं बघतो आणि म्हणतो, "मोकळं आहे नाही का सगळं?" त्याच्या आवाजात थोडी कीव असते. मी चहा टाकायला आत जाते.

माळ हा कुठंही होत नाही. सीना आणि भीमेच्या बाजूला काळी रानं आहेत, तिथं ज्वारी होते, ऊस होतो. जिथं मुरूम वर आलाय आणि वीतभर मातीखाली खडक लागतो, तिथं नांगर चालत नाही. म्हणून ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांना आणि गवताला सोडलेली. कुसळी, पवन्या, मारवेल. मधून एखादा हिवर, बोरीची जाळी, तरवड. मृगापासून दसऱ्यापर्यंत हे सगळं हिरवं असतं, नंतर पिवळं, मग वैशाखात मातीच्या रंगाचं. देशाच्या पडीक जमिनींची मोजणी होते तेव्हा असली गवताळ, झुडपी रानं पडीकातच धरली जातात. मोठं जंगल तुटलं आणि हे उरलं, अशीही एक समजूत आहे. पण जुन्या ओव्या आणि संतांची चरित्रं चाळून अभ्यासकांनी दाखवलंय की पश्चिम महाराष्ट्रातलं हे गवताचं, हिवर-बाभळीचं रान शेकडो वर्षं असंच आहे. हिवराची सावली विरळ. त्याखाली गवत मरत नाही. म्हणजे इथलं झाडही गवताला सांभाळून वाढतं.

रानात जनावर झाडाआड लपतं. माळावर आड असं काही नाहीच. म्हणून इथलं प्रत्येक जनावर उजेडात लपायला शिकलंय: मातीचा रंग घेऊन, हालचाल थांबवून, नाहीतर सरळ अंतर राखून. आंबोलीत मला जवळचं दिसत नाही, इथं लांबचं. दोन्हीकडं डोळ्यांना वेगवेगळं वळण लावावं लागतं. माझे सासरे, म्हणजे मामा, या बाबतीत आमच्या घरातले सगळ्यात तयार. ते म्हणतात, "टक लावून बघितलं की काय दिसत न्हाय, पोरी. नजर ढिली सोड. हाललं की आपसूक दिसतंय." मी दुर्बीण घेऊन उभी असते आणि ते बिडी पेटवता पेटवता, दुर्बिणीशिवाय, "त्यो बघ तरवडाच्या डाव्या अंगाला" म्हणतात. तिथं तित्तर असतो. दर वेळी.

टिटवीचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, नांगरून ठेवलेल्या पट्टीत एका जोडीनं अंडी घातली होती. घरटं म्हणावं तर तिथं काहीच नव्हतं. ढेकळांच्या मध्ये थोडासा खोलगट भाग, कडेनं चार खडे, आणि चार अंडी, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. अंड्यांचा रंग मातीचा, वर काळपट डाग. मी दोन पावलांवर उभी होते आणि पायाखाली येतील या भीतीनं हललेही नाही. मादी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती, नर पंख लोंबवत लांब चालला होता, जणू आता मेलाच. या नाटकाला कुत्री फसतात, मामा फसत नाहीत.

मला त्यातलं जे आवडलं ते दुपारचं. मे महिन्यात आमच्याकडं पारा बेचाळीसच्या वर जातो. पक्षी अंडी उबवतो असं आपण म्हणतो, पण अशा उन्हात अंडी उबवायची नसतात, निववायची असतात. टिटवी उठून गोठ्याजवळच्या, गुरांच्या पाण्याच्या डोणीकडं यायची. डोणीच्या कडेला सांडलेल्या पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवायची, इकडून तिकडून पोट घासून घ्यायची, आणि ओल्या पोटानं तडक परत जाऊन अंड्यांवर बसायची. तोवर जोडीदार अंड्यांवर सावली धरून उभा. मग त्याची पाळी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं दिसायचं. त्या दिवसांत आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, डोणीखाली मुद्दाम पाणी सांडून ठेवायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणाल्या, "म्हशीनंच सांडलं की." ट्रॅक्टरवाल्या पोरानं फणपाळी घालताना तेवढा खाटेएवढा तुकडा सोडून दिला आणि खुणेला काठी रोवली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं आमच्याकडं म्हणतात. यंदा कुठं घातली आहेत, हे गावातली माणसं पारावर एकमेकांना विचारतात. हवामान खात्याचा अंदाजही विचारतात, पण नंतर.

माझ्याकडून बहिणीला गेलेल्या व्हिडिओंपैकी एकच तिनं पुढं दहा जणांना पाठवला. तो सरड्याचा होता. गोठ्यामागं दगडांचा ढीग आहे. एप्रिलमध्ये त्याच्या माथ्यावर एक मातकट सरडा येऊन बसतो, बोटाएवढा, लक्ष जावं असं त्यात काही नाही. मग तो पुढच्या पायांवर उंच होतो आणि गळ्याखालची कातडी एकदम पुढं उघडतो. निळा, काळा, केशरी. उघड, मीट, उघड, मीट. त्या सगळ्या करड्या माळावर तेवढाच एक रंग, आणि तोही अर्ध्या सेकंदापुरता. मादी जवळपास असेल तर हा खेळ सकाळभर चालतो. दुसरा नर आला तर दोघं दगडावर एकमेकांना पंखे दाखवत राहतात, मग धरपकड. दहा वाजता दगड तापले की सगळे गायब. तो व्हिडिओ बघून बहिणीचा फोन आला: "हा तुमच्याकडं असतो?" मी म्हटलं, "माती दिसतीय ना फक्त?"

खाटीक मात्र मी तिला दाखवला नाही, तिला आवडला नसता. डोळ्यांवर काळी पट्टी असलेला हा पक्षी बाभळीच्या शेंड्यावर बसतो, दिसायला नीटनेटका. एकदा शेळीसाठी पाला तोडताना काट्याला अडकलेला नाकतोडा दिसला. वाटलं, वाऱ्यानं अडकला असेल. शेजारच्या काट्यावर दुसरा. त्याच्या खाली पाल, डोकं नसलेली, वाळून कडक झालेली. त्यानं साठवण केली होती. पंजे दुबळे, त्यामुळं धरून फाडता येत नाही. म्हणून काट्यात अडकवायचं आणि चोचीनं तोडायचं, उरलेलं उद्याला. बाभळीचा काटा किती लांब आणि किती टोकदार असतो हे आमच्या सायकलींच्या ट्यूबा सांगतील. त्याला तो बरोबर उपयोगाला आलाय.

पहिल्या पावसाची रात्र ही आमच्याकडची आंबोली. दिवसभर ढग नुसते फिरत राहतात, संध्याकाळी धुळीचं वारं सुटतं, आणि मग एकदाचा सडाका येतो. तासाभरात अंगणातला बल्ब वाळवीच्या पंखांनी झाकून जातो. त्या पंखांच्या खाली भिंतीवर पाली, जमिनीवर भेक, आणि जरा उशिरा कोपऱ्यात पिंगळा. सगळे जेवायला बसलेले. ओढ्याच्या बाजूनं मोठ्या पिवळ्या बेडकांचा आवाज सुरू होतो. काल तिथं नुसती भेगाळलेली माती होती. त्याच मातीत ते महिनोन्‌महिने होते. बिळात राहणारी एक गोल, गुबगुबीत बेडकाची जात आमच्याकडं आहे. तिच्या मागच्या पायांना मातीत मागे मागे खणत जाण्यासाठी फावड्याच्या आकाराचा टणक उंचवटा असतो. उन्हाळा आला की स्वतःला पुरून घ्यायचं आणि पावसाची वाट बघायची. पावसात घराला चिकटून बसणाऱ्या आंबोलीच्या बेडकाला काय माहीत, त्याच्या या भावकीनं वर्षातले किती दिवस अंधारात काढलेत.

सकाळी माळावर गेलं की मृगाचे किडे. लालभडक, मखमली, गवताच्या मुळाशी सावकाश चालणारे. लहानपणी आम्ही ते काडेपेटीत ठेवायचो. त्याला आम्ही किडा म्हणत आलो, पण पाय मोजले तर आठ. तो कोळ्यांच्या नात्यातला. बोट लावलं की पाय आत घेऊन गोळा होतो, थोडं थांबलं की एकेक पाय बाहेर. चारपाच दिवस ते दिसतात आणि मग नाहीसे होतात. त्यांची वेळ चुकली तर पुढच्या मृगापर्यंत थांबायचं.

आता हरणं. आमच्याकडं काळविटाला हरीणच म्हणतात, नर असो की मादी. फोटोत देखणं, पिकात नकोसं. ज्वारी वीतभर झाली की कळप रात्री उतरतो. हरभऱ्याचे शेंडे असे खुडतात की सकाळी बघणाऱ्याला वाटावं कुणी भाजीसाठीच नेलेत. रब्बीत आम्ही मालदांडी पेरतो, मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडून आलेलं जुनं वाण, भाकरीला त्याच्यासारखं दुसरं नाही. हे मत हरणांचंही आहे. मामा आणि भाऊजी आळीपाळीनं राखणीला जातात, बॅटरी मारतात, डबा वाजवतात. कळप शेजाऱ्याच्या रानात जातो. मग शेजारी डबा वाजवतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळं याहून जास्त काही करायचं नसतं आणि आमच्याकडं कुणी करतही नाही. भरपाईचा अर्ज असतो, कागद असतात, हेलपाटे असतात. एका वर्षी अर्जाची फाइल पुढच्या टेबलावर जाईपर्यंत ज्वारीची भाकरी करून खाऊन झाली.

तरीही थंडीतल्या सकाळी त्यांना बघायला मी जातेच. काळा नर एका ठरावीक जागी उभा असतो, मान वर, शिंगं पाठीवर टेकलेली. ती जागा त्याची. तिथं लेंड्यांचा ढीग असतो, रोज तिथंच येऊन घातलेल्या. ही त्याची हद्दीची खूण. जवळ जाऊन त्या ढिगाकडं बघत बसावं, तिथंही एक वेगळी वस्ती आहे: शेणकिडे, मुंग्या, त्यांच्यावर टपलेले चंडोल. दुसरा नर आला की हा मान खाली करून चालत जातो, पळत नाही, फक्त चालतो. बहुतेक वेळा समोरचा वळतो. माद्या बिनशिंगाच्या, पिवळट तपकिरी. गवत वाळल्यावर त्या बसल्या की संपूर्ण कळप दिसेनासा होतो. बहिणीला पाठवलेला फोटो तसाच होता. त्यात खरोखर हरणं होती.

हरणं आहेत म्हणून लांडगा आहे. हरणं कमी पडतात तिथं मेंढरं आहेत. आमच्या माळावर दर वर्षी एक धनगर कुटुंब बसायला येतं. त्यातल्या म्हाताऱ्यांशी माझी ओळख शेळीच्या औषधावरून झाली. मी त्यांना लांडग्याचं विचारलं.

"न्हेतो की. वर्साला दोन-चार कोकरं जात्यातच."

"मग तुम्ही काय करता?"

"कुत्री हायती, आमी हाय, दगडं हायती. त्याचा बी पोटाचा धंदा हाय." मग जरा थांबून, "लांडग्याचं येवढं काय न्हाय ओ. त्यो एक उचलतो न् जातो. ही गावची मोकाट कुत्री धा फाडत्यात आन् खात बी न्हाईत."

पंचनाम्याविषयी त्यांचं मत छापण्याजोगं नव्हतं. अर्थ एवढाच, की मेलेलं कोकरू जागेवर ठेवून माणसाची वाट बघायची, तोवर बाकीची मेंढरं कुठं चारायची? कुत्र्यांविषयी ते जे म्हणाले ते मात्र अभ्यासकांच्याही काळजीचं आहे. पुण्याच्या बाजूच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून दिसलंय. गावाचा उकिरडा वाढला की कुत्री वाढतात, कुत्री वाढली की ती माळावर येतात.

मला लांडगा एकदाच नीट दिसला. पहाटे, उसाच्या कडेनं, उंच पायांचा, अंगानं हडकुळा, मातकट. सिनेमात बर्फातला केसाळ लांडगा दाखवतात, त्याचं याच्याशी नातं सांगितलं तर पटणार नाही. तो थांबला नाही, वळून बघितलं नाही, वेग बदलला नाही. कामावर निघालेला होता. खोकड, कोल्ह्यासारखं पण लहान, मात्र घरातलंच झालंय. बोरं पिकली की गोठ्याच्या मागच्या जाळीत रोज रात्री येतं, पडलेली बोरं खातं, शेपटीचं काळं टोक बॅटरीच्या उजेडात आधी दिसतं. कोंबडीवर अजून तरी त्यानं नजर टाकलेली नाही. आत्यांचा यावर विश्वास नाही. त्या खुराड्याला दोन कड्या घालतात.

आणि माळढोक. नान्नजचं नाव बाहेर गेलं ते दोन गोष्टींमुळं: द्राक्षं आणि माळढोक. मी लग्न होऊन आले तेव्हा मामांनी पहिल्या आठवड्यात जी गोष्ट सांगितली ती या पक्ष्याची. त्यांच्या लहानपणी गुरं चारायला गेलं की दिसायचा. "लांबनं बघितलं की घोंगडी पांघरून, काळी टोपी घालून कुणी म्हातारं चाललंय असं वाटायचं." मी पुढं पुस्तकातलं चित्र बघितलं आणि थक्क झाले. तपकिरी पाठ, पांढरी मान, माथ्यावर काळी टोपी. नर मीटरभर उंच आणि पंधरा किलोपर्यंत वजनाचा, उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून खोल घुमणारा आवाज काढतो, म्हणून त्याला 'हूम' असंही म्हणतात. मादी उघड्या जमिनीवर अंडं घालते, बहुधा एकच. टिटवी चार घालते, त्यातली दोन गेली तरी काम भागतं. एकच अंडं घालणाऱ्याला माळ शांत लागतो, आणि पुष्कळ लागतो.

१९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोकासाठी अभयारण्य झालं, ८४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, रस्ते, सगळं आलं. १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी नान्नजला राहून अभ्यास करत होते. हा पक्षी राष्ट्रीय पक्षी व्हावा असं सलीम अलींनी सुचवलं होतं, पण १९६३ मध्ये तो मान मोराला गेला. इकडं आमच्या लोकांना जमीन विकता येईना, घेता येईना, बिगरशेती करता येईना. त्यांचा राग पक्ष्यावर नव्हता, सातबाऱ्यावर होता. पण पक्षी समोर दिसतो आणि सातबारा कपाटात असतो, त्यामुळं बोलणी पक्ष्याला बसली. पुढं ते क्षेत्र कमी करत १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळाचे तुकडे पडले होते. आता देशातले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत, रानातले सगळे मिळून दीडशेच्या आसपास. जैसलमेरकडं कृत्रिम पैदाशीचं काम चालू आहे आणि तिथं पिल्लं वाढतायत. आमच्याकडं एखादी मादी दिसली तरी पेपरात बातमी येते. समोरचं कमी दिसणारा हा जड पक्षी उडताना विजेच्या तारांना धडकून मरतो, हे देशभर सिद्ध झालेलं आहे. आमच्या वस्तीवरून तारा जातात. मोटार त्यांच्यावरच चालते.

माळ कुणी रागानं संपवला नाही. प्रत्येकानं चांगलंच काही करायला घेतलं. पाणी आलं, उसाखाली रान आलं. द्राक्षं आली. सोनाका वाण आमच्या नान्नजचं, त्याचा मलाही अभिमान आहे, द्राक्षानं अनेकांच्या पोरांची शिक्षणं केली. बागेवर पाखरांसाठी जाळ्या आल्या. पावसाळ्यात वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात, हार घातलेले पाहुणे माळावर खड्ड्यात रोप लावतात, बहुधा गिरिपुष्प, कारण ते जगतं. जगतं हे खरंच. त्याची दाट सावली पडते, खालचं गवत जातं, गवताबरोबर नाकतोडे जातात, चंडोल जातो. येडी बाभूळ तर कुणी लावायचीही गरज नाही. तिच्या शेंगा हरणंच खातात आणि बी सगळीकडं नेऊन टाकतात. झाड लावणाऱ्याला 'नका लावू' म्हणणं किती अवघड असतं हे मी शाळेच्या एका कार्यक्रमात अनुभवलंय. सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी नमस्कार करून खाली बसले.

ऑक्टोबर सरता सरता भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात, मध्य आशियातून. गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून तरंगत जातात, नाकतोडे आणि लहान पाखरं टिपतात. एवढा लांबचा पाहुणा रात्री झाडावरही बसत नाही, गवतात जमिनीवरच झोपतो. त्यांना उभं गवत हवं असतं, गुडघ्यापर्यंत. आमच्या दोन एकरांच्या मुरमाड तुकड्यावर ते असायचं.

असायचं म्हणते, कारण गेल्या वर्षी धाकट्या भाऊजींनी तो तुकडा सपाट करायला काढला. वरून काळी माती आणून टाकायची आणि द्राक्ष लावायचं. हिशेब चुकीचा नव्हता, कर्ज काढून का होईना पण मांडलेला होता. घरात चर्चा झाली. मी हरणांचं, भोवत्यांचं बोलले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमची पाखरं बँकेत जामीन राहणार का?" मामा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोकलेन आलं आणि दीड एकर दुपारपर्यंत उलटंपालटं झालं. उरलेल्या अर्ध्या एकरात बकेट घासायला लागली. खाली सलग काळा पाषाण. ऑपरेटरनं तीन ठिकाणी टोचून बघितलं, खाली उतरला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "ब्रेकर लावावा लागंल, मालक. तासाचा रेट येगळा."

भाऊजींनी रेट विचारला. मग मोबाइलवर काहीतरी गुणाकार केला. ब्रेकर आला नाही. तो अर्धा एकर कुसळीसकट तसाच आहे, गोठ्यामागच्या दगडांच्या ढिगात पोकलेननं काढलेल्या दगडांची भर पडलीय, आणि आता तिथं सौर पंपाची पॅनेलं बसवावीत असं त्यांच्या मनात आहे. आत्यांचं म्हणणं, पॅनेलं बसवा, पण खालचं गवत शेळीला ठेवा.